मेघदूताचा इंग्रज यात्रिक : गुस्ताव होल्स्ट

इंदूरहून सांवेर रोडने निघाले म्हणजे कारखान्यांची रांग संपता संपता शेते लागतात, पुढे सांवेर येते आणि तासा-दीड तासात उज्जयिनी. हा आपला नित्याचा रस्ता. कालिदासाच्या मेघाला मात्र हे नगर वाटेवर नव्हते. रामगिरीहून, म्हणजे आपण ज्याला रामटेक समजतो तिथून, अलकेला जायचे तर उज्जयिनी आडवाटेला पडते. तरीही यक्ष त्याला वळण घेऊन जायला सांगतो, कारण महाकालाची सांध्यपूजा न पाहता माळव्यावरून पुढे जाणे कवीलाच सोसवणारे नव्हते. या आडवाटेचा मोह कालिदासानंतर अनेकांना पडला. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शान्ता शेळके यांच्यापर्यंत मेघदूताच्या अनुवादकांची एक मालिकाच आहे. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमधील एका मुलींच्या शाळेतला संगीत शिक्षक संस्कृत कोश उशाशी घेऊन हेच काव्य पूर्ण वाद्यवृंद आणि गायकवृंद यांच्यासाठी रचीत होता, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या शिक्षकाचे नाव गुस्ताव होल्स्ट. जगाला तो ‘प्लॅनेट्स’ या ग्रहमालेचा रचनाकार म्हणून माहीत आहे. आपल्याला त्याची ओळख मेघदूताच्या बाजूने करून घेणे अधिक उचित.

गुस्ताव थिओडोर फॉन होल्स्टचा जन्म २१ सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम या गावी झाला. घराणे संगीताचे. पणजोबा रीगाहून आलेले आणि रशियाच्या राजदरबारात हार्प शिकवणारे, वडील अ‍ॅडॉल्फ पियानोवादक आणि चर्चमधील ऑर्गनवादक. गुस्ताव आठ वर्षांचाही झाला नव्हता तोच आई वारली. वडिलांनी पुढे दुसरे लग्न केले. ही सावत्र आई थिऑसफीच्या नादी लागलेली होती आणि घरसंसारात तिचे फारसे लक्ष नसे. हिंदुस्थान हा शब्द त्या घरात तिच्यामुळे आला असावा असा तर्क करण्याचा मोह होतो, पण तो तर्कच.

मुलगा प्रकृतीने नाजूक. डोळे अधू, दमा जडलेला, आणि उजव्या हाताच्या मज्जातंतूंना असा विकार की फार वेळ पियानो वाजवला की हात निकामी होई. वडिलांची इच्छा त्याने पियानोवादक व्हावे अशी, आणि दैवाने नेमका हातच काढून घेतला. दम्यावर उपाय म्हणून त्याच्या हाती ट्रॉम्बोन हे फुंकण्याचे पितळी वाद्य देण्यात आले. फुप्फुसे बळकट होतील एवढाच हेतू होता. त्या वाद्याने पुढे त्याला पोटापुरते मिळवून दिले आणि त्याहून मोलाची एक गोष्ट दिली. वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसून, आपली पाळी येईपर्यंत शेकडो मात्रा मोजत, सगळी वाद्ये एकमेकांत कशी मिसळतात हे तो आतून ऐकत गेला. पुस्तकातून वाद्यमेळ शिकलेला रचनाकार आणि मागच्या रांगेतून शिकलेला रचनाकार यांत फरक पडतोच.

१८९३ साली तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. स्टॅनफर्ड हे त्याचे गुरू. १८९५ साली तिथेच त्याला रेफ वॉन विल्यम्स हा मित्र भेटला. पुढे दोघेही मोठे रचनाकार झाले, परंतु जन्मभर एकमेकांना आपली अपुरी कामे दाखवण्याचा आणि निर्दयपणे चिकित्सा करण्याचा त्यांचा परिपाठ सुटला नाही. आपल्याकडे दोन गवई एकमेकांविषयी काय बोलतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही मैत्री नवलाची वाटेल. विल्यम मॉरिस या कवी-कारागिराच्या घरी भरणाऱ्या समाजवादी मंडळींच्या बैठकांना होल्स्ट जात असे. त्या मंडळींच्या गायकवृंदाला तो शिकवू लागला आणि त्या वृंदातील एक गायिका, इझोबेल हॅरिसन, हिच्याशी १९०१ साली त्याने विवाह केला.

याच काळात एका मित्राने त्याला एक पुस्तक वाचायला दिले. हिंदुस्थानविषयी एका इंग्रजाने लिहिलेले साधेच पुस्तक होते ते. त्याने होल्स्टची पुढची दहा-बारा वर्षे व्यापली. ऋग्वेद, रामायण, महाभारत, कालिदास, जे इंग्रजीत मिळेल ते तो वाचू लागला. लवकरच त्याच्या ध्यानात आले की उपलब्ध भाषांतरे विद्वानांच्या उपयोगाची आहेत, पण गाता येणारी नाहीत. तेव्हा संस्कृतच शिकावे असे त्याने ठरवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पदवीचा हेतू न ठेवता त्याने नाव घातले. मेबल बोड या विदुषींकडे तो शिकला. पाली आणि संस्कृत या दोन्ही भाषांत त्यांचा अधिकार होता. होल्स्ट संस्कृत पंडित कधीच झाला नाही. देवनागरी लिपी आली, कोश उलगडून एकेक पद लावता येऊ लागले, आणि मूळ समोर ठेवून गाण्याजोगे इंग्रजी पाठ तो स्वतः तयार करू लागला, एवढीच त्याची मजल. परंतु दिवसभर शाळेत शिकवून, दुखऱ्या हाताने स्वरलेखन करून, उरलेल्या वेळात शब्दांची रूपे पाठ करणाऱ्या या माणसाच्या चिकाटीला संस्कृत घेऊन परीक्षा देणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी दाद द्यावी असे वाटते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. साहित्यकृतीवरून वाद्यवृंदासाठी रचना करणे ही युरोपात नवी गोष्ट नव्हती. बर्लिओझने १८३४ मध्ये बायरनच्या काव्यावरून ‘हॅरल्ड इन इटली’ रचले. लिस्टने अशा रचनांना ‘स्वरकाव्य’ या अर्थाचे नावच दिले. चायकोव्हस्कीने शेक्सपिअर घेतला, रिम्स्की-कोर्साकोव्हने १८८८ मध्ये अरबी कथांतली शहरझाद. आपले शाकुंतलही तिकडे पोहोचले होते. शूबर्टने १८२० मध्ये त्यावर ऑपेरा रचायला घेतला आणि अर्धवट सोडला, तर गोल्डमार्क याने १८६५ मध्ये शाकुंतलावर वाद्यवृंदाची जी प्रस्तावना रचली तिने त्याला कीर्ती मिळवून दिली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणले त्याच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट. आमच्याकडे शाकुंतलातून पदे निघाली, तिकडे एकही शब्द न उच्चारणारे वाद्यसंगीत निघाले. आपल्या संगीताचा प्राण एका सुराच्या विस्तारात, तर त्यांच्या संगीताचा अनेक सूर एकाच वेळी उभे करण्यात, म्हणून ही तफावत. आपल्या प्रांतात मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी वाद्यवृंद उभा केला तो पुढे, आणि तोही रागाच्या चौकटीत. पण शूबर्ट काय, गोल्डमार्क काय, यांतील कोणीही संस्कृत शिकण्याच्या खटपटीत पडला नाही. होल्स्टचे वेगळेपण हे आहे.

त्याची पहिली मोठी भारतीय रचना म्हणजे ‘सीता’. तीन अंकी ऑपेरा, संहिताही स्वतःचीच. १९०० पासून १९०६ पर्यंत तो तिच्यावर खपत होता. मधे १९०३ मध्ये ‘इंद्र’ हे वाद्यवृंदाचे स्वरकाव्य झाले. अवर्षण आणणाऱ्या असुराचा वध आणि मग पर्जन्य, असा त्याचा विषय. ‘सीता’ त्याने रिकोर्डी या प्रकाशन संस्थेने लावलेल्या स्पर्धेत पाठवली. १९०८ मध्ये निकाल लागला आणि पारितोषिक दुसऱ्याला गेले. त्याच्या हयातीत ‘सीता’ रंगमंचावर आलीच नाही. पुढे त्याने स्वतःच या कृतीची वाग्नेर पद्धतीची आरडाओरड म्हणून थट्टा केली. निराशेने आणि दम्याने खचलेल्या होल्स्टला डॉक्टरांनी उष्ण हवेत जायला सांगितले. तो अल्जेरियात गेला आणि सहारा वाळवंटाच्या कडेने चक्क सायकलवर हिंडला.

त्याच वर्षी त्याने ‘सावित्री’ लिहिली. माझ्या मते त्याच्या भारतीय रचनांतली ही सर्वांत श्रेष्ठ. ‘सीते’च्या पसाऱ्यातून तो काय शिकला हे इथे दिसते. पात्रे तीनच : सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वाद्ये जेमतेम बारा, त्यांत दोन तंतुवाद्य-चतुष्क, एक मोठे खर्जाचे तंतुवाद्य, दोन बासऱ्या आणि एक शहनाईच्या जातीचे वाद्य. सगळा खेळ अर्ध्या तासाचा. पडदा नको, मोकळ्या आकाशाखालीही करता यावा, अशी त्याची सूचना. आरंभी एकही वाद्य वाजत नाही. दूरवरून, न दिसणाऱ्या मृत्यूचा एकटा आवाज येतो, मग सावित्रीचा. दोघे वेगवेगळ्या स्वरांच्या आधारावर गातात, जणू दोन जगे एकमेकांना अजून भेटलेली नाहीत. आपल्या घरोघरी वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळले जाते त्या कथेचा शेवट आपण जाणतो. शंभर पुत्रांचा वर मागून सावित्री यमाला शब्दात पकडते. होल्स्टने तो चातुर्याचा भाग काढून टाकला. त्याची सावित्री फक्त जीवन मागते. ते तर तुझ्यापाशी आहेच, असे मृत्यू म्हणतो, तेव्हा ती त्याला पटवून देते की सत्यवानावाचून तिला जीवन म्हणजे काहीच नाही. वादात यमाला हरवणारी आपली सावित्री मला अधिक जवळची आहे, हे मान्य करून म्हणतो की संगीताला हा दुसरा मार्ग अधिक मानवतो. शिवाय मृत्यूच्या आगमनाबरोबर पडद्याआडून स्त्रियांचा वृंद शब्दांवाचून गाऊ लागतो, तो परिणाम विलक्षण आहे. ही ‘सावित्री’ प्रथम रंगमंचावर यायला मात्र ५ डिसेंबर १९१६ उजाडला.

१९०८ ते १९१२ या काळात त्याने ऋग्वेदातील सूक्तांचे चार संच वृंदगायनासाठी रचले. हिरण्यगर्भसूक्त त्यांत आहे, उषा आहे, अग्नी आहे, वरुण आहे, मृताला निरोप देण्याची सूक्ते आहेत. तिसरा संच स्त्रियांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी आहे. पाच मात्रांची, सात मात्रांची आवर्तने इथे सर्रास येतात. इंग्लंडमधील श्रोत्यांना ती अडखळल्यासारखी वाटली असतील. झपताल आणि रूपकाच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या कानांना त्यांत काहीच अवघड नाही. होल्स्टला मात्र झपताल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो हिंदुस्थानात कधी आला नाही आणि राग-तालांची नक्कल करण्याचा त्याचा हेतूही नव्हता. ती आवर्तने त्याला शब्दांच्या वजनातून सापडली. पौर्वात्य रंग म्हणून चार विचित्र सुरावटी पेरणाऱ्या त्या काळच्या रचनाकारांच्या गर्दीत त्याचे हे संयमाचे वागणे उठून दिसते.

आणि मग मेघदूत. ‘द क्लाउड मेसेंजर’ ही रचना १९०९-१० या वर्षांत आकाराला आली. मोठा गायकवृंद, एक मंद्र सप्तकातली गायिका आणि पूर्ण वाद्यवृंद, पाऊण तासाच्या आसपासचा विस्तार, इंग्रजी पाठ त्याचा स्वतःचा. आपली सर्वांत मोठी आशा त्याने या कृतीवर ठेवली होती. ४ मार्च १९१३ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये त्याने स्वतः ती सादर केली. खर्चाचा भार बालफोर गार्डिनर या उदार रचनाकार-मित्राने उचलला होता. प्रयोग पडला. श्रोते थंड राहिले, समीक्षकही. आयुष्याची चाळिशी जवळ आलेली, पंधरा वर्षांच्या संस्कृत-प्रेमाची ही फलश्रुती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेतले वर्ग. होल्स्ट इतका खचला की त्याच्या जवळच्यांना काळजी वाटू लागली.

मेघदूत का पडले? ध्वनिमुद्रिका ऐकताना मला दोन कारणे दिसतात. मंदाक्रांतेची सतरा अक्षरांची ओळ चार, सहा आणि सात अशी थांबत, पाऊल मोजीत जाते. विरही माणसाचा श्वासच तो. इंग्रजीत हा श्वास गेला आणि त्याच्या जागी येईल असे दुसरे काही होल्स्टला सापडले नाही. दुसरे असे की मेघदूत हे मुळात एका माणसाने एकांतात ढगाशी केलेले हितगुज आहे. ते शेकडो कंठांच्या वृंदाच्या तोंडी दिले की एकांत संपतो. ‘सावित्री’त ज्याने बारा वाद्यांत रान उभे केले, त्याने इथे मोठ्या सभागृहाचा मोह का धरला हे कोडेच आहे. तरीही निद्रिस्त प्रियेला निरोप पोचवण्याच्या जागी वाद्ये अशी हळुवार होतात की मूळ उत्तरमेघ आठवावा. सगळी रचना फसली असे जे म्हटले गेले ते मला मान्य नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस गार्डिनर त्याला बरोबर घेऊन स्पेनकडे निघाला. सोबत लेखक क्लिफर्ड बॅक्स होता, त्याला फलज्योतिषाचा नाद. प्रवासात होल्स्टलाही तो लागला. मित्रांच्या पत्रिका मांडता मांडता त्याला ग्रहांच्या स्वभावांवर रचना सुचली. १९१४ ते १९१६ या काळात, बहुतांशी शाळेच्या नव्या, बाहेरचा आवाज न येणाऱ्या संगीतकक्षात, रविवारी आणि सुट्टीत, ‘प्लॅनेट्स’ लिहून झाली. हात साथ देईना तेव्हा शाळेतल्या सहकारी शिक्षिकांनी लेखणिकाचे काम केले. मंगळाचे पाच मात्रांतले दणदणीत युद्धसंगीत महायुद्ध पेटण्यापूर्वीच आकाराला आलेले होते. २९ सप्टेंबर १९१८ रोजी निमंत्रितांपुढे एड्रियन बोल्ट यांच्या दिग्दर्शनाखाली पहिले वादन झाले. खर्च पुन्हा गार्डिनरचा. शेवटच्या नेपच्यूनमध्ये दृष्टीआडून स्त्रियांचा वृंद शब्दांवाचून गातो आणि सूर विरत विरत नाहीसे होतात. लोक थक्क झाले. परंतु पाच मात्रांची चाल ऋग्वेदाच्या सूक्तांत आधी आली होती, आणि तो न दिसणारा स्त्रीवृंद ‘सावित्री’तच आधी गाऊन गेला होता. संस्कृतचे कष्ट वाया गेले असे म्हणणाऱ्यांनी एवढे ऐकावे.

त्याच्या नावातला ‘फॉन’ हा जर्मन वाटणारा शब्द त्याच महिन्यात गेला. युद्धकाळात सैनिकांना संगीत शिकवण्यासाठी सालोनिकाला जायचे होते, त्या नावाने अडचण होत होती, म्हणून त्याने तो कायदेशीरपणे सोडला.

पुढे कीर्ती आली आणि ती त्याला सोसली नाही. स्वाक्षऱ्या देणे, मुलाखती देणे त्याला नकोसे होई. त्याचे खरे घर म्हणजे हॅमरस्मिथची सेंट पॉल्स मुलींची शाळा. तिथे तो १९०५ पासून अखेरपर्यंत शिकवत राहिला. कामकरी लोकांच्या मॉर्ले कॉलेजात १९०७ पासून त्याचे संध्याकाळचे वर्ग चालत. शेक्सपिअरच्या नाटकावर आधारलेले पर्सेलचे ‘फेअरी क्वीन’ दोनशे वर्षांनी पुन्हा वाजवायचे ठरले तेव्हा छापील प्रती नव्हत्या. या हौशी विद्यार्थ्यांनी सुमारे दीड हजार पाने हाताने नकलून काढली आणि १९११ मध्ये प्रयोग केला. ज्या वाचनालयांच्या आरंभीच्या काळात पोथ्या उतरवून घेतल्या गेल्या, त्यांच्या सभासदांना या श्रमाचे मोल सांगायला नको.

साहित्याने त्याला सोडले नाही. १९२३ मध्ये वाद्यवृंद चालवताना तो व्यासपीठावरून पडला, डोक्याला मार लागला आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती दिली. त्यातून उठून त्याने शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफवर एक छोटा ऑपेरा आणि कीट्सच्या कवितांवर एक वृंदगान-सिंफनी लिहिली. दोन्ही १९२५ मध्ये सादर झाल्या आणि दोन्हींचे स्वागत यथातथाच झाले. मग १९२७ मध्ये आली ‘एग्डन हीथ’. थॉमस हार्डीच्या ‘रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ या कादंबरीत एग्डनचा माळ हाच मुख्य पुरुष आहे. माणसे येतात-जातात, माळ असतो. होल्स्ट त्या भागात पायी हिंडला, वृद्ध हार्डीला भेटला, आणि मग तेरा-चौदा मिनिटांची ही रचना झाली. न कथानक, न पात्रे. खालच्या तंतुवाद्यांतून अंधार सरपटत येतो, मधेच एखादे लोकनृत्यासारखे काही भुतासारखे येऊन जाते, एवढेच. न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाने ती मागवली होती. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी पहिले वादन झाले, तेव्हा हार्डीला जाऊन महिना झाला होता. श्रोत्यांना ‘प्लॅनेट्स’सारखे काही हवे होते. त्यांना ही रचना रूक्ष वाटली. होल्स्ट मात्र हीच आपली सर्वोत्तम कृती मानीत असे, आणि मलाही त्याचेच म्हणणे पटते. कारण मेघदूतात जे त्याला साधले नव्हते ते इथे साधले. शब्द, कथा, गायकवृंद हे सगळे बाजूला ठेवून पुस्तकाच्या मुळाशी असलेली भूमी त्याने एकट्या वाद्यांतून बोलती केली.

१९३२ मध्ये तो अमेरिकेत हार्वर्डला शिकवायला गेला आणि तिथे पोटातील व्रणाने आजारी पडला. त्यानंतर प्रकृती सावरली नाही. १९३४ च्या मे महिन्यात लंडनमध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. ती पार पडली, पण हृदयाने साथ सोडली. २५ मे १९३४ रोजी, साठी गाठण्याआधीच, तो गेला. चिचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत. मुलगी इमोजेन हिने चार वर्षांनी त्याचे चरित्र लिहिले. तीही संगीतकार होती, आणि वडिलांच्या रचनांविषयी तिची लेखणी परक्या समीक्षकांपेक्षाही कठोर चाले. १९८४ मध्ये तिचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांनी, १९९० च्या सुमारास, रिचर्ड हिकॉक्स यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून ‘द क्लाउड मेसेंजर’ प्रथमच ध्वनिमुद्रित करून घेतले. क्वीन्स हॉलमधल्या त्या संध्याकाळला तेव्हा पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली होती.